मागून बोलणारा रेडिओ

माझ्या वडलांची देवावर श्रद्धा आहे, पण ती रेडिओच्या खालोखाल. देवाला ते अधूनमधून जाब विचारतात. रेडिओला त्यांनी माझ्या माहितीत कधी उलट प्रश्न केलेला नाही. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की ते बाजेवर मांडी घालून बसतात, ट्रान्झिस्टर उशाशी टेकवतात आणि समोरचा जो कोणी तज्ज्ञ असेल त्याला जागेवरून माना डोलावतात. त्या अर्ध्या तासात घराला आग लागली तरी ती सावकाश लागावी, अशी त्यांची अपेक्षा असते.

आम्ही त्यांना नाना म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, गाव घोडेगावपासून चार-पाच किलोमीटर आत, गोठ्यात सहा गायी. धार आई काढते, शेण आई काढते, वैरण आई टाकते आणि गायींबद्दलची मतं नाना मांडतात. ही कामाची वाटणी माझ्या जन्माआधीची असल्यामुळे मला तिच्यात काही वावगं आहे हे कळायलाच वीस वर्षं लागली. कळलं तेव्हापासून मात्र मी चिडलेलीच आहे.

आई दोन वर्षं सांगत होती, की गायी दावणीला बांधू नका, कंपाउंड घालून मोकळ्या सोडा. नाना म्हणायचे, "येडी का खुळी तू? मोकळ्या गाया एकमेकीला मारत्यात." मग एका संध्याकाळी कार्यक्रमात कुणी जनावरांचे डॉक्टर आले आणि त्यांनी मुक्त गोठ्याचे फायदे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना विळा घेऊन दावी कापत होते आणि रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "आता इज्ञान बदललंय." आईने मला फोन करून एवढंच विचारलं, "म्या सांगितलं तवा इज्ञान झोपलं हुतं का?"

पण आईचं खरं दुखणं गोठा नव्हतं. खरं दुखणं शुक्रवारचं होतं. शुक्रवारी घोडेगावला जनावरांचा बाजार भरतो. नाना टोपी घालून जातात, व्यापाऱ्याच्या हातावर रुमाल टाकून आत बोटं दाबून भाव ठरवतात आणि एखादी गाय घेऊन येतात. कुणाला भाव कळत नाही, आणि नानांना गाय कळत नाही. मागच्या वर्षी त्यांनी आणलेल्या गाईचं एक सड बंद निघालं. व्यापाऱ्याने दोन वेळची धार तशीच ठेवून कास टरटरून फुगवली होती, नाना कासेकडे बघून हरखले. वर्षभर आई तीन सडांची धार काढत होती.

"जिनं धार काढायची तिनं गाय बघायची, एवढंच माझं म्हननं हाय," ती म्हणायची. "मला बाजारात संगं न्या."

"बाजारात बाया येत न्हाईत," नाना म्हणायचे. मग आई पुढे काही बोलायला लागली की ते मध्येच "बरं बरं, च्या ठिव" म्हणायचे. आईचं एक वाक्य पुरं होऊ न देणं ही त्यांची पन्नास वर्षांची कमाई होती. आणि आता दिवाळीच्या आत त्यांना आणखी एक गाय घ्यायची होती.

अशात त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. मी नगरला शाळेत विज्ञान शिकवते, घराजवळच डोळ्यांचे डॉक्टर आहेत. त्यांनी शनिवारी सकाळी लवकर बोलावलं, म्हणजे आदल्या संध्याकाळी नगरला मुक्कामी यायला हवं. नाना दोनदा तयार झाले आणि दोनदा ऐन वेळी फिरले. कारण काय, तर संध्याकाळी गाडीत बसलं की कार्यक्रम बुडतो. ट्रान्झिस्टर गाडीत नेला की इंजिनामुळे त्यातून नुसती खरखर येते. एक डोळा गेला तरी चालेल, पण कान रिकामा राहता कामा नये, असा हा माणूस. मी वैतागून ठरवलं, गाडीतच रेडिओ बसवायचा, आणि तोही डिजिटल, म्हणजे खरखरीचं निमित्तच नको.

माझ्या गाडीत कंपनीचा एक टेप होता, तो उंदरांनी खाल्ला होता. नगरला सीटकव्हर, हॉर्न, स्पीकर असं सगळं बसवणारं एक दुकान आहे, तिथल्या फिटरने डॅशबोर्ड उचकटला तेव्हा आतून कुरतडलेल्या वायरींबरोबर मूठभर शेंगांची टरफलंही निघाली. मी ऑनलाइन मागवलेला रेडिओ त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला.

"मॅडम, रेडिओ? मोठी स्क्रीन टाकू, मागं कॅमेरा टाकू. रेडिओ कोण ऐकतं आता?"

"माझे वडील ऐकतात."

"मग त्यांना मोबाईलवर लावून द्या ना."

"मोबाईलवरच्या माणसावर त्यांचा विश्वास नाही."

हे त्याला पटलं असावं. त्याने पिवळी वायर बॅटरीला जोडली, लाल चावीला, काळी पत्र्याला, टपावरच्या एरियलची केबल मागून खोचली आणि बटण दाबलं. स्क्रीनवर एक चक्र गोल गोल फिरत राहिलं. आवाज नाही, खरखर नाही, काही म्हणजे काही नाही. फिटरने एरियल काढली, पुन्हा लावली, वायरी काढल्या, पुन्हा जोडल्या, आणि शेवटी अशा मालाचं काय करावं याबद्दल मनातलं बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोन त्याने माझ्या गाडीतच चार्जिंगला लावला होता. तो त्याने घाईत ओढला, तर चार्जरच सॉकेटातून उपसून आला, आणि मागच्या सीटवर कुणी बसलं असावं इतक्या स्वच्छ आवाजात एक बाई बातम्या सांगायला लागली.

"थांब रे, गाडीत कोणतरी बाई बोलतीय," फिटर फोनवर म्हणाला.

दोष त्या निळ्या दिव्याच्या स्वस्त चार्जरचा होता. तो सॉकेटात असला की रेडिओला काही ऐकू येत नसे. त्याने चार्जर माझ्या हातात दिला आणि बजावलं, "रेडिओ पाहिजे तर हा नको. दोघांचं जमत नाही."

रविवारी मी गाडी घेऊन गावी गेले. नाना ट्रान्झिस्टर घेऊनच गाडीत येऊन बसले, नवा मालक जुन्या नोकराला साक्षीला घेऊन येतो तसे. अंगणात इंजिन बंद होतं, त्यामुळे ट्रान्झिस्टरही बोलत होता. दोन्हीकडे एकच केंद्र लावलं. ट्रान्झिस्टरवर निवेदक म्हणाला, "नमस्कार मंडळी." आणि चार-पाच सेकंदांनी डॅशबोर्डमधला म्हणाला, "नमस्कार मंडळी."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यो मागून बोलतोय."

मी विज्ञानाची शिक्षिका. मी त्यांना समजावलं, की डिजिटलमध्ये आवाजाचे आधी आकडे होतात, ते आकडे गोळा करून पुन्हा आवाज करायचा, त्याला वेळ लागतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हंजी शिळं हाय." मग त्यांना त्यातली गंमत सापडली. ते ट्रान्झिस्टर कानाला लावायचे आणि डॅशबोर्डकडे बोट करून आईला सांगायचे, "आता बघ, पारनेरला पाऊस म्हनंल." डॅशबोर्ड म्हणायचा, पारनेरला पाऊस. "आता बघ, कांद्याचं सांगंल." डॅशबोर्ड कांद्याचं सांगायचा. आई दारात तांदूळ निवडत होती. तिने एकदाच मान वर केली आणि म्हणाली, "पर ह्याला खरखर न्हाई. मानूस वळखू येतंय." तेव्हा मी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज दबका. बचत गटाच्या बायांना भेटायला रेडिओवाले आले होते, दूध धंद्यातल्या बायांना बोलतं करायला. गावातल्या बाकीच्या बायांनी पदर तोंडाशी धरला, आणि आई त्या माइकपुढे पाव तास बोलली. नाना तेव्हा दुपारची झोप काढत होते.

"येत्या शुक्रवारी संध्याकाळी लागनार हाय," ती म्हणाली. "तू त्या दिशी गाडी आन. शनिवारचा डोळा ठरवून टाक."

"नानांना सांगितलंस?"

"सांगितलं तर आधीच बोलाया लागतील. मग काय ऐकत्यात ते. घरी असले का उठून गाईवर वरडत्यात, फोन घेत्यात. गाडीत पट्टा लावून बसवलं का कुठं जातील?"

मी आयुष्यभर आईला गरीब समजत आले होते. त्या फोनवर माझा समज दुरुस्त झाला. पण तिच्या आवाजात नुसता कावा नव्हता, भीतीही होती. नानांनी तिचं हे एक बोलणं शेवटपर्यंत ऐकावं, यापलीकडे तिला काही नको होतं. आणि रेडिओवरचंही त्यांनी "बरं बरं" म्हणून उडवून लावलं, तर तिच्याकडे दुसरं काही उरणार नव्हतं.

शुक्रवारी मी चार वाजता गावी पोचले. नाना बाजारातून नुकतेच आले होते आणि खुशीत होते. "गाय बघून ठिवली. लई देखनी. कास अशी का दोन हातात मावायची न्हाई. पुढच्या शुक्रवारी उचलायची." आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. म्हणजे आमच्याकडे एक कार्यक्रम होता आणि एक आठवडा.

साडेसहाला निघालो. नाना पुढे माझ्या शेजारी, इस्त्रीचा सदरा घालून, पट्टा लावून. ट्रान्झिस्टर पिशवीत, "संगतीला". आई मागे. हायवेला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. कार्यक्रमाची वेळ झाली, मी रेडिओ लावला, आणि स्क्रीनवर ते चक्र गोल फिरायला लागलं. फिरतच राहिलं. मला वाटलं इमामपूरचा घाट जवळ आला, डोंगरामुळे अडत असेल. मागून आईचा गुडघा माझ्या सीटला एकदा लागला, मग दुसऱ्यांदा जोरात लागला. घाट चढायच्या आधी रस्त्याकडेला एक बंद रसवंती होती, तिच्यापुढे मी गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. नुसती चावी अर्धी फिरवून रेडिओ चालू ठेवला.

"म्हनलं हुतं ना," नाना प्रसन्न होऊन म्हणाले. "शिळं यंत्र. खुराक घालून बी बोलायचं न्हाई." आणि त्यांनी पिशवीतून ट्रान्झिस्टर काढून खिडकीबाहेर धरला. इतके दिवस मी त्यांच्यासाठी किती उलाढाल केली आणि ती कशी वाया गेली हे सांगण्यात ते रंगले, त्यात निवेदकाने बोलणाऱ्या बाईचं नाव-गाव सांगितलं ते गेलं. मग खरखरीतून एका बाईचा आवाज आला.

"गाय बांधून ठिवली तर ती पान्यासाठी आपली वाट बघती. मोकळी असली तर तहान लागली का पिती."

"हे डॉक्टरनं मागंच सांगितलंय," नाना म्हणाले. "आता बायामानसं बी शिकवाया लागली."

रेडिओला उलट बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते का बोलले हे उघड होतं. मला संताप आला. मी काही बोलणार, तेवढ्यात मागून आईचा हात दोन सीटांच्या मधून पुढे आला. तेव्हा मला दिसलं. माझ्या नकळत नानांनी आपला फोन चार्जिंगला लावला होता, कप्प्यात पडलेल्या त्याच निळ्या दिव्याच्या चार्जरवर. आईने तो फोनसकट उपसला आणि मांडीवर घेतला. फिटरची गोष्ट मी तिला फोनवर हसत हसत सांगितली होती. मी ती विसरले होते, ती विसरली नव्हती.

ट्रान्झिस्टरमधली बाई म्हणाली, "बाजारात गाय घेताना जी बाई धार काढती, तिला संगं न्यावं."

"येडी हाय ही बाई," नाना म्हणाले. "बाजारात बाया..."

"बाजारात गाय घेताना जी बाई धार काढती," डॅशबोर्ड म्हणाला, "तिला संगं न्यावं."

खरखर नाही, काही नाही. वाक्याच्या मध्ये आई एक लहानसा श्वास घेते, तोसुद्धा आला. नाना थांबले. त्यांनी हातातल्या ट्रान्झिस्टरकडे पाहिलं, मग डॅशबोर्डकडे, मग मागे वळायला गेले तर पट्ट्याने धरलं. मागच्या सीटवर ती बाई पदर सावरून, तोंड मिटून, खिडकीतून बंद रसवंती बघत बसली होती.

निवेदकाने विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? ट्रान्झिस्टरमधून आई म्हणाली, "कुनी न्हाई. पन्नास वर्सं धार काढतीया. गाय सांगती की." नाना सवयीने "अगं पन" म्हणून मध्ये पडले. ते बोलून होईतो डॅशबोर्डने तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. असं तीनदा झालं. नानांनी इकडे एक वाक्य बुडवावं आणि तिकडून ते वर यावं. पन्नास वर्षांत मध्ये बोलून आईचं म्हणणं संपवायची जी हातोटी त्यांनी कमावली होती, तिला या यंत्रापुढे काही इलाज नव्हता. चौथ्यांदा ते बोललेच नाहीत. ट्रान्झिस्टर त्यांनी मांडीवर ठेवला. बंद मात्र केला नाही.

तिने बंद सडाचं सांगितलं. फुगवलेल्या कासेचं सांगितलं. सगळं दोनदा. शेवटी निवेदकाने हसत विचारलं, "आणि घरचे ऐकतात का तुमचं?"

मग आई म्हणाली, "आमचे मालक रेडिओचं ऐकत्यात. म्हनून तर हितं आले."

मग आम्ही तिघंही ते वाक्य दुसऱ्यांदा यायची वाट बघत बसलो. ते आलं. मला हसू फुटलं. नानांची मला दया आली, आणि दया यावी याचा रागही आला. गाणं लागलं तेव्हा मी गाडी सुरू केली.

घाटात रेडिओ बंद पडला. पलीकडे उतरलो. मग नाना समोर बघत म्हणाले, "कवा गेल्तीस?"

"बुधवारी. तुमी झोपले हुते."

नानांनी ट्रान्झिस्टर पिशवीत ठेवला. "आवाज बरा आला," नाना म्हणाले.

"यंत्र चांगलं हाय," आई म्हणाली.

डोळा व्यवस्थित झाला. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि महिनाभर धुळीत जायचं नाही असं बजावलं. पुढच्या गुरुवारी नानांचा मला फोन आला. फोनवर ते नेहमी रेडिओइतक्या मोठ्याने बोलतात, त्या दिवशी बेताने बोलले. "उद्या गाडी आन. धुळीमुळं मला काय आत जाता यायचं न्हाई. हिला घिऊन जा. गाय बघाया कोनतरी पाहिजे ना." नव्या डोळ्याने त्यांना हायवेवरच्या एसटीची पाटी दोन फर्लांगांवरून वाचता येत होती. मी हो म्हटलं. माणसाला वाकायला जरा आडोसा लागतो.

बाजाराच्या कडेला, लिंबाखाली गाडी लावली. नाना काळा चष्मा लावून, काचा वर करून, रेडिओ लावून आत बसले. आई आणि मी बाजारात शिरलो. हजार पुरुषांत आम्ही दोघी. लोक बघत होते. आईने पदर खोचला आणि नानांच्या देखण्या गाईखाली सरळ उकिडवी बसली. कासेला एकदा हात लावला, व्यापाऱ्याकडे वर बघून विचारलं, "सकाळची धार कुठं हाय?" व्यापारी टोपी काढून डोकं खाजवायला लागला. चार दावणी पलीकडे तिला एक गाय आवडली, दिसायला यथातथाच, डोळ्याने शांत, चारही सड चालू. त्या मालकाने सवयीने रुमाल काढला आणि मग त्याला प्रश्न पडला, की बाईचा हात रुमालाखाली कसा धरायचा. आईने त्याची अडचण सोडवली. तिने भाव सरळ मोठ्याने सांगितला. आजूबाजूच्या वीस माणसांनी ऐकला. इतक्या उघड्यावर सौदा झाल्याचा त्या मालकाला एवढा धक्का बसला, की तो हो म्हणून मोकळा झाला.

आम्ही गाडीकडे परतलो. आई शेणाच्या हाताने, मी एका तुटक्या चपलेने. नानांनी लांबूनच पाहिलं असावं, कारण आम्ही पोचायच्या आधी त्यांनी काच खाली केली होती. आत दुपारच्या कार्यक्रमात एक प्राध्यापक दुभत्या जनावराची निवड कशी करावी हे सांगत होते, मोठ्या आवाजात, स्वच्छ, खरखरीशिवाय. नाना त्यांना माना डोलवत होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"आधी काच लावा," आई म्हणाली. "डोळ्यात धूळ जाईल."

नानांनी काच लावली. आई मागे बसली, दार ओढून घेतलं आणि सांगायला लागली, "ती तुमची देखनी गाय..."

प्राध्यापक अजून बोलत होते. नानांनी हात पुढे केला, बटण कुठलं ते बोटाने चाचपलं आणि रेडिओ बंद केला.

"मग?" ते म्हणाले.